पाच सहस्र वर्षांपूर्वीचा एक वाटसरू

इतिहास हा शब्द उच्चारला की आपल्या मनश्चक्षूंपुढे उभी राहतात ती राजांची सिंहासने, रणांगणे, तहनामे आणि सनावळ्या. यात आपला फारसा दोष नाही. शिलालेख कोरविले ते राजांनी, ताम्रपट दिले ते राजांनी, आणि बखरी लिहिल्या गेल्या त्याही बहुधा राजांच्या किंवा त्यांच्या सरदारांच्या आश्रयाने. ज्याने शेत पिकविले, शेळ्यामेंढ्या राखल्या, डोंगरवाटा तुडविल्या, आणि एके दिवशी कोठेतरी डोळे मिटले, त्या सामान्य मनुष्याची नोंद कोणी ठेवावी? लेखनकलेच्या उदयापूर्वीच्या काळाविषयी तर बोलावयासच नको. त्या काळची मातीची खापरे सापडतात, दगडी हत्यारे सापडतात, चुलींची राख सापडते. परंतु त्या चुलीशी बसून जेवणारा मनुष्य मात्र सापडत नाही.

सापडलाच तर त्याचा सांगाडा तेवढा सापडतो. आपल्या महाराष्ट्रातीलच उदाहरण द्यावयाचे तर पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरलेली बालकांची दफने, तसेच पावले तोडून पुरलेले प्रौढांचे सांगाडे तेथे मिळाले. अस्थींवरून वय कळते, काही व्याधी कळतात, दातांवरून आहाराचा अंदाज बांधता येतो. परंतु दख्खनच्या उन्हापावसात त्वचा, केस, वस्त्र, लाकूड आणि चामडे यांपैकी सहसा काहीच टिकत नाही. मनुष्याच्या आयुष्याचा मोठा भाग नेमका याच नाशवंत वस्तूंत सामावलेला असतो.

म्हणूनच निसर्गाच्या एखाद्या लहरीने एखादे प्राचीन शरीर जसेच्या तसे टिकून राहिले, तर पुरातत्त्वज्ञांना तो अपूर्व लाभ वाटतो. असे शरीर तीन प्रकारांनी टिकते. वाळवंटाच्या कोरड्या उष्णतेत ते सुकून जाते. उत्तर युरोपातील दलदलीत पाण्यातील आम्लामुळे त्वचा कमावलेल्या चामड्यासारखी होऊन टिकते, अस्थी मात्र झिजतात. डेन्मार्कमध्ये १९५० साली मिळालेला ‘टोलुंड मानव’ हा याचा प्रसिद्ध नमुना होय. त्याच्या पोटात जवस व बार्ली घातलेल्या अखेरच्या पेजेचे अवशेष निघाले. तिसरा प्रकार बर्फाचा. इजिप्तमधील राजांच्या ममी या तीनही प्रकारांहून निराळ्या. त्या मनुष्याने बुद्धिपुरस्सर बनविलेल्या, आणि त्यांतून पोटातील अवयव बहुधा आधीच काढून घेतलेले असत. त्यांवरून मृत्यूनंतरच्या संस्कारांविषयी पुष्कळ कळते. आदल्या दिवशी त्या राजाने काय खाल्ले, हे मात्र कळत नाही.

प्रस्तुत लेखक पुरातत्त्वशास्त्राचा अभ्यासक नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत आयुष्य घालविलेला आणि फुरसतीच्या वेळी इतिहासाची पुस्तके वाचणारा तो एक पदवीधर आहे. परंतु कागदपत्रे तपासून त्यांतून खरे काय ते निवडण्याचा व्यवसाय केलेल्या माणसाला ज्या एका प्रकरणाने विशेष आकर्षून घेतले, त्याची हकीकत या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१९ सप्टेंबर १९९१ रोजी हेल्मुट व एरिका सिमोन या जर्मन दांपत्याला आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवर, सुमारे ३,२१० मीटर उंचीवर वितळत्या बर्फातून वर आलेले एक मानवी शरीर दिसले. तो कोणी अपघातात सापडलेला अलीकडचा गिर्यारोहक असावा, अशीच सर्वांची समजूत झाली. आल्प्समध्ये अशी प्रेते अधूनमधून मिळतात. त्यामुळे पोलीस आले, हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिद्रकाने बर्फ फोडू लागले, आणि त्या घाईत त्या शरीराच्या डाव्या कटिभागाला इजा झाली. अखेर २३ सप्टेंबरला ते बाहेर काढून इन्सब्रुक येथे नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी तेथील विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ कोनराड श्पिंडलर यांनी त्याच्याजवळची कुऱ्हाड पाहिली आणि हा मनुष्य किमान चार हजार वर्षांपूर्वीचा असला पाहिजे असे सांगितले. पुढे निरनिराळ्या प्रयोगशाळांत किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने कालमापन झाले, तेव्हा हा अंदाजही अपुरा ठरला. त्या मनुष्याचा काळ इसवी सनापूर्वी ३३५० ते ३१०० या दरम्यानचा निघाला. गीझाचा महान पिरॅमिड त्यावेळी बांधला गेलेला नव्हता. मोहेंजोदडो व हडप्पा ही नगरे भरभराटीस येण्यास अद्याप पाचसहाशे वर्षे अवकाश होता.

ओत्झ खोऱ्याच्या नावावरून वृत्तपत्रांनी त्याचे ‘ओत्झी’ असे बारसे केले. मग दोन राष्ट्रांत त्याच्या मालकीचा प्रश्न उपस्थित झाला. सीमेची मोजणी झाली आणि तो सीमारेषेपासून ९२.५६ मीटर इटलीच्या बाजूस मिळाला असे निश्चित झाले. ही सीमा आखली गेली ती १९१९ च्या तहाने. ज्या मनुष्याच्या काळी ऑस्ट्रिया नव्हता, इटली नव्हता, त्याचे राष्ट्रीयत्व पाच हजार वर्षांनंतर साखळी लावून ठरवावे लागले! १९९८ पासून इटलीतील बोल्झानो येथील संग्रहालयात, उणे सहा अंश सेल्सियस तपमानात आणि जवळजवळ पूर्ण आर्द्रतेत, त्याला ठेवलेले आहे. एका लहानशा खिडकीतून प्रेक्षकांना त्याचे दर्शन घडते.

आता या साक्षीदाराने काय काय सांगितले, ते पाहू.

प्रथम त्याच्या सामानाची झडती घेऊ. त्याच्या डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची टोपी होती. अंगरखा शेळ्या व मेंढ्यांच्या कातड्यांच्या पट्ट्या एकत्र शिवून केलेला. पायांवर शेळीच्या कातड्याचे पायमोजे. पादत्राणांत लिंडन वृक्षाच्या अंतर्सालीची जाळी असून थंडीपासून पाय वाचावेत म्हणून तीत वाळलेले गवत भरलेले होते. भूर्जवृक्षाच्या सालीचे दोन डबे त्याच्याजवळ होते. एकात मेपलच्या ताज्या पानांत गुंडाळलेले कोळसे मिळाले, म्हणजे तो निखारे बरोबर घेऊन हिंडत असे. कमरेच्या कशात गारेची लहान हत्यारे आणि ठिणगी धरणारी बुरशी होती. चामड्याच्या वादीत ओवलेले भूर्जावरील एका निराळ्या बुरशीचे दोन तुकडेही मिळाले. त्या बुरशीत औषधी गुण असल्याने ते त्याचे औषध असावे असे पुष्कळांचे मत आहे. गारेच्या पात्याचा सुरा आणि त्याचे विणलेले म्यानही शाबूत होते. यांपैकी दगड व धातू वगळता बाकी सर्व वस्तू सामान्य उत्खननात मातीमोल होऊन गेल्या असत्या. ‘पाषाणयुग’ व ‘ताम्रयुग’ ही नावे आपण देतो ती केवळ पाषाण आणि तांबे टिकते म्हणून. त्या काळच्या माणसाचे खरे आयुष्य लाकूड, साल, गवत आणि कातडे यांवरच चालले होते, हे ओत्झीने प्रत्यक्ष दाखवून दिले.

त्याच्या कुऱ्हाडीची कथा तर याहून उद्बोधक आहे. यू वृक्षाच्या लाकडाचा सुमारे ६० सेंटिमीटर लांबीचा दांडा, त्यात भूर्जाच्या डांबराने चिकटविलेले व चामड्याच्या वाद्यांनी आवळलेले तांब्याचे पाते. ते तांबे जवळजवळ शुद्ध आहे. आल्प्समध्ये तांब्याच्या खाणी असल्यामुळे ते तेथलेच असावे असे प्रथम वाटले होते. परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पृथक्करणात त्यातील शिशाच्या समस्थानिकांवरून ते दक्षिण टस्कनीतील, म्हणजे शेकडो किलोमीटर दूरच्या प्रदेशातील असल्याचे दिसून आले. रस्ते नव्हते, चाकांची वाहने त्या डोंगरांत नव्हती, तरी धातू एवढा प्रवास करीत होता. शिवाय अशाच घडणीच्या कुऱ्हाडी इटलीतील रेमेदेल्लो येथील दफनांत पूर्वीच मिळालेल्या होत्या आणि त्यांचा काळ विद्वान बराच अलीकडचा मानीत असत. एका प्रेताच्या कालमापनाने त्या संपूर्ण संस्कृतीचा काळ मागे न्यावा लागला.

आता खुद्द शरीराकडे वळू. उंची सुमारे १६० सेंटिमीटर, वय पंचेचाळिशीच्या आसपास. गुडघे, कंबर व घोटे यांचे सांधे झिजलेले. दात कोळपलेले, काही किडलेले, हिरड्या खंगलेल्या. दळताना धान्यात उतरणाऱ्या दगडाच्या कचेचा व पिठूळ आहाराचा हा परिणाम. फुप्फुसे चुलीच्या धुराने काळवंडलेली. आतड्यात जंतांची अंडी. रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर चुन्याचे थर. हृदयविकार म्हणजे आधुनिक राहणीचे आणि खुर्चीत बसून काम करण्याचे प्रायश्चित्त, असे आपण धरून चालतो. आयुष्यभर डोंगर चढलेल्या या मनुष्यातही त्याची चिन्हे होती, आणि २०१२ साली वाचल्या गेलेल्या त्याच्या जनुकसंचात तशी आनुवंशिक प्रवृत्तीही आढळली. त्याच्या एका नखावर आडव्या रेघा मिळाल्या, त्यांवरून मृत्यूपूर्वीच्या सहा महिन्यांत तो तीन वेळा चांगलाच आजारी पडला होता असे अनुमान निघाले. दातांच्या लुकणात साठलेल्या समस्थानिकांवरून त्याचे बालपण, तो जेथे मेला त्या जागेच्या आग्नेयेस सुमारे ६० किलोमीटरांच्या आतील खोऱ्यांत गेले असे कळते. धातूने दूरचा प्रवास केला, मनुष्य मात्र आपल्या दऱ्याखोऱ्यांतच वावरला.

त्याच्या अंगावर गोंदण आहे. एकूण ६१ खुणा. साध्या समांतर रेघा आणि फुल्या, कोळशाने उमटविलेल्या. त्या शोभेसाठी म्हणाव्यात तर कपड्यांखाली झाकल्या जातील अशा जागी, पाठीच्या खालच्या भागी, गुडघ्याशी व घोट्यांशी, आहेत. यांपैकी बऱ्याच जागा त्याच्या झिजलेल्या सांध्यांजवळ येतात, म्हणून हा दुखण्यावरचा उपचार असावा असे अनेक संशोधक मानतात. आपल्याकडील खेड्यांतूनही दुखऱ्या जागी डाग देण्याची रीत होती, हे जाणत्या वाचकांस आठवेल. दोहोंचा एकमेकांशी काही संबंध आहे असे नव्हे. वेदनेने गांजलेला मनुष्य सर्वत्र सारखाच उपाय शोधतो, एवढेच.

पोटाची तपासणी ही तर चमत्कारच म्हणावी लागेल. पहिली जवळजवळ वीस वर्षे जठर कोठे आहे हेच नीट उमगले नव्हते. ते फासळ्यांखाली वर सरकलेले होते. पुढे ते सापडले, तेही भरलेले. २०१८ मधील अभ्यासानुसार त्याच्या अखेरच्या जेवणात आयबेक्स या पहाडी रानबकरीचे मांस व भरपूर चरबी, तांबड्या हरणाचे मांस, आइनकॉर्न नावाचा प्राचीन गहू आणि नेच्याचे अंश होते. त्या जठरात अल्सरास कारण होणारा एक जंतूही मिळाला. त्याची जात आज मध्य व दक्षिण आशियातील लोकांच्या पोटांत आढळणाऱ्या जातीला जवळची आहे. यावरून ओत्झी आपल्या दिशेचा होता असा निष्कर्ष कोणी काढू नये. आजच्या युरोपीयांच्या पोटातील जंतूंत आफ्रिकेतील जातीचे जे मिश्रण दिसते, ते त्याच्या काळी तेथे झालेले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

आतड्यातील परागकणांनी तर त्याच्या अखेरच्या दीडएक दिवसाचा नकाशाच काढून दिला. आधी उंचावरील सूचिपर्णी अरण्यातील परागकण, मग खालच्या खोऱ्यातील हॉप हॉर्नबीम या वृक्षाचे, आणि पुन्हा उंचावरचे. म्हणजे तो वरून खाली उतरला आणि पुन्हा घाईने वर चढला. हॉप हॉर्नबीम वसंताच्या अखेरीस फुलतो, म्हणून मृत्यूचा ऋतूही कळला. पूर्वी हे मरण शरदातील मानले जात असे.

आणि हे मरण कसे आले? १९९१ पासून जवळजवळ दहा वर्षे विद्वान सांगत होते की, हा कोणी मेंढपाळ असावा आणि हिमवादळात सापडून थकव्याने व थंडीने गारठून मेला असावा. २००१ साली बोल्झानो येथील क्ष-किरणतज्ज्ञ पाउल गोस्टनर यांच्या नजरेस त्या चित्रात डाव्या खांद्यात रुतलेले गारेचे बाणाग्र पडले. तो बाण पाठीमागून आला होता आणि त्याने खांद्याखालील मोठी रक्तवाहिनी तोडली होती, हे पुढे स्पष्ट झाले. उजव्या हाताच्या अंगठ्याशी एक खोल जखम होती, ती मृत्यूपूर्वी काही दिवसांची. म्हणजे आधी कोणाशी तरी झटापट झालेली. त्याचे धनुष्य अपुरे होते. भात्यात चौदा बाण, पण पुरे झालेले दोनच, आणि तेही मोडलेले. असा हा जवळजवळ निःशस्त्र मनुष्य पोटभर जेवला आणि फार तर दोन तासांत पाठीत बाण लागून कोसळला. मारणाऱ्याने मूल्यवान कुऱ्हाड मात्र नेली नाही. तेव्हा हा चोराचा उद्योग नव्हे. वैर होते काय, भाऊबंदकी होती काय, की ओळखू येईल अशी ती वस्तू जवळ बाळगण्याचे भय होते, याचे उत्तर त्या शरीरात नाही.

येथे एका गोष्टीकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. या साक्षीदाराची जबानी एकच राहिली, पण तिचे वाचन दर दशकात बदलत गेले. गिर्यारोहकाचा मेंढपाळ झाला, मेंढपाळाचा खुनास बळी पडलेला मनुष्य झाला. २०११ मध्ये संग्रहालयासाठी त्याची जी प्रतिमा घडविली, तिला लांब केस व उजळ कांती देण्यात आली. २०२३ साली जनुकसंचाचे अधिक काटेकोर वाचन झाले, तेव्हा त्याचा वर्ण बराच सावळा होता, टक्कल पडण्याकडे कल होता, आणि त्याचे बहुतेक पूर्वज अनातोलियाकडून आलेल्या आद्य शेतकऱ्यांपैकी होते असे निष्पन्न झाले. तो एका घळीत पडून लगेच बर्फाने झाकला गेला आणि पाच हजार वर्षे तसाच राहिला, या समजुतीलाही २०२२ मध्ये आव्हान मिळाले. ते शरीर मधूनमधून उघडे पडले व जागचे हलले असावे असे काही संशोधकांनी दाखविले.

याचा अर्थ शास्त्र चंचल आहे असा नव्हे. पुरावा नष्ट न करता जपून ठेवला म्हणूनच चूक दुरुस्त करता आली, हा त्याचा खरा अर्थ आहे. १९९१ मध्ये जनुकसंच वाचण्याची आजची साधने नव्हती. त्यावेळच्या विद्वानांनी उतावीळपणे सर्व शरीर चिरून आपल्याच प्रश्नांची उत्तरे घेतली असती, तर पुढील पिढ्यांना त्यांचे प्रश्न विचारावयास काहीही उरले नसते. पहिल्या चार दिवसांतील घाईने झालेली इजा कायमची राहिली. पुढील तीन दशकांतील संयमाने मिळालेले ज्ञान वाढत चालले आहे.

मात्र ज्ञानाच्या या आनंदात एक प्रश्न विसरता येत नाही. हा नमुना आहे, तसाच तो एक मनुष्यही आहे. त्याचे कोणी वाट पाहत असेल. तो परत आला नाही म्हणून कोणी अश्रू ढाळले असतील. त्याला काचेआड ठेवून पाहणे कितपत उचित? इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांनी १९८० साली कैरो येथील राजममींचे दालन लोकांसाठी बंद करविले होते. ऑस्ट्रेलियात ‘मुंगो मानवा’च्या बेचाळीस हजार वर्षांपूर्वीच्या अस्थी तेथील मूळच्या रहिवाशांकडे परत देण्यात आल्या आणि २०२२ मध्ये पुन्हा भूमीस अर्पण झाल्या. ओत्झीवर हक्क सांगणारा असा समाज आज उरलेला नाही. अशा वेळी त्याची मर्यादा राखण्याचे दायित्व पाहणाऱ्यांवरच येते. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे जतन योग्य आहे, अभ्यासही योग्य आहे. त्याचा तमाशा मात्र होता कामा नये. बोल्झानोची ती लहानशी खिडकी याच जाणिवेने लहान ठेवलेली असावी.

आणि एवढे सर्व जाणूनही आपल्याला त्याचे नाव ठाऊक नाही. तो कोणती भाषा बोलत होता, कोणत्या देवाला हात जोडीत होता, आईला काय म्हणून हाक मारीत होता, हे कोणतेही यंत्र सांगू शकणार नाही. शरीर आहार सांगते, आजार सांगते, वाट सांगते. पण शब्द सांगत नाही. शब्द फक्त एका पिढीने दुसरीला दिले तरच टिकतात.

आपल्याकडे देह अग्नीच्या स्वाधीन करण्याची रूढी आहे, तेव्हा आपल्या शरीरांतून कोणी पुढे इतिहास वाचील हे संभवत नाही. आपला पुरावा निराळ्या ठिकाणी आहे. मुलुख सोडताना आजीने बरोबर दिलेले पाटावरवंटा, माळ्यावरच्या ट्रंकेतील मोडी कागद, पत्रांची गाठोडी, मंडळाच्या पहिल्या सभांचे इतिवृत्त, आणि घरात बोलली जाणारी आपापल्या गावची मराठी, हाच तो पुरावा होय. यांतील कोणती वस्तू पुढे कोणत्या प्रश्नाचे उत्तर देईल, हे आज आपणांस सांगता येणार नाही; भूर्जाच्या सालीच्या डब्यात निखारे ठेवणाऱ्या त्या वाटसरूलाही ते सांगता आले नसते. म्हणून घर आवरताना आणि बदलीच्या गावी सामान बांधताना या वस्तू रद्दीत टाकण्यापूर्वी थोडा विचार करावा, आणि कोणत्या कोणाच्या होत्या हे निदान एका कागदावर लिहून ठेवावे, अशी सर्व कुटुंबांस नम्र विनंती आहे.